भटूने भरलेला फॉर्म

शनिवारी दुपारी एक वाजता गेम उघडला. पावणेदोन वाजता खोलीत कोणीच बोलत नव्हतं.

खोली जळगावात, सुरेशचंद शेठच्या कापडदुकानाच्या वर. पूर्वी तिथे साड्यांचे गठ्ठे असत. शेठचा मुलगा श्रेयांस याने ती हट्टाने मागून घेतली, चार टेबलं मांडली, चार कॉम्प्युटर आणि एक कूलर लावला. त्याला आता बारा वर्षं झाली. श्रेयांस खाली कापड मोजतो आणि वर येऊन गोळ्या मोजतो, असं समाधान म्हणायचा. समाधान सावद्याचा, घरची केळीची बाग. आज बागेत कटाई होती, ती धाकट्या भावावर टाकून तो आला होता. तिसरी ज्योती. फैजपूरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल आहे. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. चौथा भटू, धुळ्याहून सकाळच्या एसटीने आलेला. चौघांचा कॅप्टन तोच.

गेमचं नाव 'कोल्ड रिज'. जुना येऊन चौदा वर्षं झाली होती. आज त्याचा नवा अवतार आला होता, आणि या चौघांनी त्याची वाट पाहिली तशी कुणी पाहुण्यांचीही पाहत नाही.

जुना 'कोल्ड रिज' हा बंदुकीचा खेळ खरा, पण सावकाश. चार-चार जणांच्या दोन तुकड्या, एक डोंगर. एकदा मेलात की डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. जखमी झालात तर सोबत्याने यायचं, कॉलर धरून तुम्हाला आडोशाला ओढत न्यायचं. ओढताना त्याला बंदूक चालवता येत नाही. म्हणजे एकाला वाचवायला दुसऱ्याने स्वतःला उघडं टाकायचं. सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा होता. जगात पुष्कळ तुकड्या जखमीला सोडून पुढे जायच्या. हे चौघे कधी गेले नाहीत. म्हणून ते बऱ्याचदा हरले. पण त्यांची ओळख तीच झाली. पोलंडमधला एक म्हातारा खेळाडू त्यांना 'परत येणारे' म्हणायचा.

नव्या गेममध्ये समोरून जांभळं जाकीट घातलेला एक सैनिक आला. टोपीला सशाचे कान होते. ज्योतीने श्वास रोखून पाऊण मिनिट वाट पाहिली आणि त्याला एका गोळीत पाडलं. पाच सेकंदांनी तो तिच्या मागे जिवंत उभा होता. त्याने तिला मारलं आणि नाचला.

"पडलो रे," समाधान ओरडला. "ओढ, ओढ मला."

भटू सवयीने त्याच्याकडे धावला. बोट सवयीने त्या बटणावर गेलं. काही झालं नाही. बटणाला आता दुसरंच काम होतं. भटूचा सैनिक जागच्या जागी हात हलवून 'हाय' म्हणाला. तोवर समाधान डोंगराच्या दुसऱ्या टोकाला नवाकोरा उभा होता, आणि हाय करणाऱ्या भटूला कुणीतरी मागून मारलं.

असे सहा डाव झाले. प्रत्येक डाव सहा मिनिटांचा. मग श्रेयांसने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एकेक करून सगळ्यांनी काढले.

सुरेशचंद शेठ जिना चढून वर आले. चौघे भिंतीकडे बघत बसलेले पाहून दारातच थबकले.

"काय रे, कोणी वारलं का?"

"नाही बाबूजी," श्रेयांस म्हणाला. "गेम आला."

"मग खेळा की."

"खेळलो."

शेठने एकदा पडद्यावरच्या सशाच्या कानांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे पाहिलं. मग खाली गेले.

समाधानने खुर्ची भटूकडे वळवली.

"भटू, तू सांगितलं होतं ना त्यांना? जानेवारीत?"

"सांगितलं होतं," भटू म्हणाला.

"अकराच्या अकरा मुद्दे?"

"अकराच्या अकरा."

ज्योतीने त्याच्याकडे पाहिलं. भटूने कूलरचा आवाज कमी करायला म्हणून उठून पाठ फिरवली.

त्याने एकही मुद्दा सांगितलेला नव्हता.

भटू शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावचा. धुळ्यात आयटीआय केलं आणि तिथेच मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. शेतातल्या विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारी जळतात. तो त्यांची जळकी तार उपसतो आणि नवी गुंडाळतो. वेढे मोजायचे, एक चुकला तर मोटार परत जळते. हात असा की आजूबाजूच्या गावांतून लोक त्याचं नाव विचारत येतात. मोटारीच्या बाबतीत तो कुणाची भीड ठेवत नाही. 'ही गेली, नवी घ्या', असं तोंडावर सांगतो. माणसाच्या बाबतीत मात्र त्याची जीभ टाळूला चिकटते. चहात साखर नसली तरी तो पिऊन टाकतो. मावसभावाने लग्नात आणलेला बँड बेसूर होता, तर हा त्या बँडवाल्याला 'मस्त वाजवलं' म्हणून आला. मित्रांना हे ठाऊक होतं. ते त्यावरून हसायचे. त्यात काही वाईट आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

जुन्या गेममध्ये खेळणाऱ्यांना स्वतःचे डोंगर तयार करता यायचे. भटूने दोन वर्षं खपून धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला तयार केला. रविवारी दुकान बंद ठेवून तो किल्ल्यावर जायचा, पावलांनी अंतरं मोजायचा, वहीत लिहायचा. पाण्याची टाकी, पडका दरवाजा, वरून दिसणारा महामार्ग, सगळं तिथल्या तिथे. ब्राझीलमधली मुलं लळिंगवर खेळली. ती त्या टाकीचं नाव विचारायची. भटूला इंग्रजी धड येत नाही. ज्योती त्याची उत्तरं लिहून द्यायची.

कंपनीने नवा गेम काढायच्या आधी जुन्या खेळाडूंना भेटायचं ठरवलं, आणि त्यात या चौघांचं नाव निघालं. जानेवारीत बंगळुरूच्या ऑफिसातून एक माणूस येणार होता. चौघांनी या खोलीत बसून यादी केली. जखमीला ओढणं काढू नका. मेलेला परत उठवू नका. स्वतःचे डोंगर करू द्या. स्वतःचे सर्व्हर चालवू द्या. रंगीबेरंगी कपडे नकोत. असे अकरा मुद्दे. ज्योतीने ते टाइप केले, प्रिंट काढली आणि भटूच्या हातात दिली. पाहुणा मधल्या वारी येणार होता. सावद्यात कटाई, फैजपुरात परीक्षा, जळगावात लग्नसराईचं गिऱ्हाईक. तिघांनाही निघता येईना.

"कॅप्टन सांगेल," श्रेयांस म्हणाला. "कॅप्टनच्या शब्दाचं वजन पडतं."

पाहुणा धुळ्याला उतरला. पस्तिशीचा, ठाण्यात वाढलेला, मराठी बोलणारा. भटूने त्याला गावी नेलं, काकांच्या शेतात. थंडीत कुणी बाहेरचा आला की त्याला भरीत घालायचं, हे तिकडे ठरलेलंच. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी मोठी वांगी भाजली. सालं काढून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ठेचली. भटूची आई बेबाबाई चुलीवर पुऱ्या तळत होती. भटूने खिशातला कागद काढला.

"पहिले जेवू दे त्यास्ले," बेबाबाई म्हणाली. "घर उनेल मानूसले कागद दखाडस का कोनी?"

घरी आलेल्या माणसाला कागद दाखवायचा नसतो. कागद खिशात गेला.

पाहुणा पोटभर जेवला. 'उत्तम,' म्हणाला. मग कडुनिंबाखाली लॅपटॉप उघडून त्याने नवा गेम दाखवला. पहिल्याच मिनिटात भटूला कळलं की हा त्यांचा खेळ नाही. पण पाहुणा बोलत होता. चार वर्षं तो यावर काम करत होता. मुलगी झाली त्या दिवशीही ऑफिसात होता. जांभळ्या जाकिटाचा रंग त्या मुलीने निवडला होता, क्रेयॉनच्या डबीतून. हे सांगताना त्याने फोनमधला तिचा फोटो दाखवला. बेबाबाईने हात पुसून फोटो पाहिला आणि दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली.

"काय वाटलं, भटूभाऊ? स्पष्ट सांगा."

"छान आहे," भटू म्हणाला.

शेतात रेंज नव्हती. म्हणून पाहुण्याने छापील फॉर्म काढला. अकराच प्रश्न होते, योगायोगाने. प्रत्येकापुढे पाच चांदण्या. भटूने सगळ्या चांदण्या रंगवल्या, पंचावन्न. शेवटी एक रिकामी चौकट होती, 'आणखी काही सांगायचं आहे का?' भटूने लिहिलं, 'सर्व छान. जेवायला पुन्हा या.' खाली सही केली.

संध्याकाळी श्रेयांसचा फोन आला. "सांगितलं का?"

"सांगितलं," भटू म्हणाला. पाहुण्याची गाडी नुकतीच वळणाआड गेली होती. त्याला वाटलं, एवढी मोठी कंपनी, एका फॉर्मने काय होणार आहे.

आता शनिवारी दुपारी तीन वाजता श्रेयांस खुर्ची पुढे ओढून लिहायला बसला. जगभरचे जुने खेळाडू जिथे बोलतात त्या पानावर आग लागली होती. पोलंडचा म्हातारा म्हणत होता, चौदा वर्षांत पहिल्यांदा मी गेम अर्ध्यात बंद केला. कुणी म्हणत होतं, आमचा खेळ आमच्याच डोळ्यांदेखत लहान पोरांना वाटून टाकला. कंपनीने उत्तर दिलं होतं. आम्ही जुन्या खेळाडूंना विचारलं, त्यांना तो आवडला होता.

"खोटारडे," श्रेयांस म्हणाला. "आता बघ." त्याची बोटं धावत होती. "जानेवारीत आमच्या कॅप्टनने कंपनीच्या माणसाला हे अकरा मुद्दे समोरासमोर सांगितले. ते दडवले गेले. कोणी दडवले, हे कंपनीने सांगावं. बरोबर?"

"दडवले हे कशाला," भटू म्हणाला.

"मग काय झालं त्यांचं? तू सांगितले, ते पोचले नाहीत. मधे कोण होता?"

"तो एकटाच होता ना," समाधान म्हणाला. "भरीत खाऊन गेला लेकाचा."

भटूने बोलायला हवं होतं. ती एक वेळ होती. खोलीत तिघं, बाहेर कुणी नाही. तो पाणी प्यायला उठला.

"भटू, नाव तुझं टाकतो. टाकू ना?"

त्याने ग्लास भरला. मग म्हणाला, "टाक."

श्रेयांसने एक बटण दाबलं.

रविवारपर्यंत ते पत्र कुठल्या कुठे पोचलं. सहा भाषांत त्याची भाषांतरं झाली. अनोळखी लोक भटूचं नाव घेऊन आभार मानू लागले. 'एकाने तरी तोंडावर सांगितलं,' असं कुणीतरी लिहिलं होतं आणि त्याखाली हजारो लोकांनी होकार भरला होता. ज्योतीने ते वाक्य मराठीत करून भटूला पाठवलं. पुढे काही लिहिलं नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला भटू दुकानात एका पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचे वेढे घालत होता. फोन वाजला. बंगळुरूचा नंबर.

"भटूभाऊ, ओळखलंत का?"

भटूच्या हातातली तार सैल झाली.

"बोला."

"तुमचं पत्र वाचलं." पाहुण्याचा आवाज शांत होता. शांत ठेवलेला होता. "ऑफिसात मला विचारतायत, जळगावचे मुद्दे कुठे गेले. मी दडवले असं म्हणतायत. उद्या पाच वाजता बैठक आहे. बहुतेक मला काढतील."

भटूने तार खाली ठेवली.

"त्या फॉर्मचे आकडे मी वर पाठवले होते. कागद कुणी मागितला नाही. तो माझ्याकडे आहे, तुमच्या सहीचा. दाखवला तर माझी सुटका होईल. पण दाखवला की तो बाहेर फुटणार. मग लोक तुमचं काय करतील, तुम्हाला माहितीये. आणि मी तुमच्या शेतात जेवलोय. आईंनी माझ्या मुलीची दृष्ट काढली. म्हणून आधी विचारतोय. मी काय करू?"

कुणी शिव्या दिल्या असत्या तर भटूला सोपं गेलं असतं.

"उद्या पाचपर्यंत दाखवू नका," तो म्हणाला. "त्याआधी मी बघतो."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर वेढे किती झाले होते ते त्याला आठवेना. त्याने सगळी तार उपसली आणि पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा चुकला. मोटारीचा मालक बाकावर बसून बघत होता.

"तब्येत बरी नाही का भटूभाऊ?"

"उद्या या, भाऊ. आज हात चालत नाहीये."

घरी बेबाबाईने विचारलं, "काय व्हयनं रे? तोंड उतरेल शे तुन्हं."

"काही नही."

"त्या पाहुणानं बरं शे ना? पोर मोठी व्हयनी असेल आते."

भटू जेवणावरून उठला.

मंगळवारी त्याने तिघांना निरोप टाकला. दोन वाजता खोलीवर या, महत्त्वाचं आहे. सकाळी साडेदहाची एसटी पकडली. पारोळ्यापर्यंत त्याने ठरवलं, सगळं एका दमात सांगायचं. एरंडोलपर्यंत ठरवलं, आधी श्रेयांसला एकट्याला सांगू. जळगावचा स्टँड आला तेव्हा त्याच्याजवळ एकही वाक्य नव्हतं.

तिघंही आले होते. समाधानने येताना केळीचा फणा आणला होता. त्याला वाटलं, कंपनी नमली, म्हणून बोलावलं.

"काय म्हणते कंपनी? माफी मागते?"

"फोन आला होता," भटू म्हणाला. "त्या पाहुण्याचा."

"काय म्हणाला चोर?"

"चोर तो नाहीये."

श्रेयांसने केळं सोलता सोलता हात थांबवला.

"मी सांगितलंच नाही त्याला," भटू म्हणाला. "एकही मुद्दा नाही. फॉर्ममध्ये सगळ्याला पाच चांदण्या दिल्या. खाली लिहिलं, सर्व छान. सही केली. तुम्हाला सांगितलं, सांगितलं म्हणून. शनिवारीही तेच सांगितलं. आज पाचला त्याची नोकरी जाणार आहे."

कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो नुसता गरम हवा फेकत होता. कुणी उठलं नाही.

"मस्करी करू ऱ्हायला का तू?" समाधान म्हणाला.

"नाही."

"तुले बोलता येत नव्हतं तं मले सांगायचं होतं. मी कटाई सोडून आलो असतो. मी त्याले असा झापला असता की भरीत खाल्लेलं विसरला असता."

"माहितीये."

"माहितीये म्हणतो. पंचावन्न चांदण्या?" समाधान हसला. त्या हसण्याला आवाज होता, बाकी काही नव्हतं. "आभाळात तरी इतक्या दिसतात का रे?"

श्रेयांस उभा राहिला. "पत्राखाली माझं नाव आहे, भटू. तुझ्या नावाच्या आधी माझं आहे. मी जगाला सांगितलं की एका माणसाने दडवलं. मी विचारलं होतं तुला. टाकू ना, म्हणून. तू पाणी पीत होतास."

"हो."

"दुकानात गिऱ्हाइकाला डाग असलेलं कापड दिलं ना, तर बाबूजी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बदलून देतात. मी कुणाच्या घरी जाऊ?"

ज्योतीने घड्याळ पाहिलं.

"अडीच वाजले. भांडण नंतर. भटू, लिही."

"मी?"

"तूच. मराठीत लिही. मी इंग्रजी करते. जसं झालं तसं. सजवू नकोस."

भटू कॉम्प्युटरसमोर बसला. त्याला लिहायला पाऊण तास लागला. चौदा ओळी झाल्या. पाहुण्याने काहीही दडवलं नाही. आमच्या मित्रांनी मला अकरा मुद्दे दिले होते, ते मी सांगितले नाहीत. तो आमच्याकडे जेवायला आला होता, त्याच्या कामाला नावं ठेवायची मला लाज वाटली. मी खोटं लिहून दिलं. मग मित्रांशी खोटं बोललो. श्रेयांसने जे लिहिलं ते माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं. हे मुद्दे आजही खरे आहेत, पण ते मी वेळेवर बोललो नाही.

ज्योतीने वाचलं. एक ओळ खोडली. त्यात भटूने आईच्या सांगण्यावरून कागद खिशात ठेवल्याचं लिहिलं होतं.

"आईंना यात आणू नको," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर कागद काढता आला असता."

चार वाजून दहा मिनिटांनी श्रेयांसने जुनं पत्र काढलं आणि नवं टाकलं. बटण दाबताना त्याने या वेळी कुणाला विचारलं नाही.

उत्तरं लगेच यायला लागली. आधी एकेक, मग पडदा आपोआप सरकू लागला. तुझ्यामुळे झालं. चौदा वर्षांचा खेळ एका जेवणावर विकला. काहींनी शिव्या दिल्या, ज्योतीने त्यांचं भाषांतर केलं नाही. भटूने विचारलंही नाही. पोलंडच्या म्हाताऱ्याने फक्त एवढं लिहिलं, की मी या माणसाच्या किल्ल्यावर सहा वर्षं खेळलो. पुढे पूर्णविराम.

समाधान उठला. केळीचा फणा टेबलावरच राहिला. दारात जाऊन तो श्रेयांसला म्हणाला, "मी निघतो. कटाई चालू आहे." भटूकडे न बघता जिना उतरला. त्याची मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला आणि मग रस्त्यावरच्या आवाजांत मिसळला.

साडेपाचला भटूचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला.

"बैठक झाली," पाहुणा म्हणाला. "मी आहे अजून."

"बरं झालं," भटू म्हणाला.

"तुमचं पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. काही लोक हसले." मग तो म्हणाला, "ते मुद्दे तेव्हा कळले असते तर जखमीला ओढणं मी वाचवू शकलो असतो कदाचित. दोघं-तिघं माझ्या बाजूने होते. मला जुन्या खेळाडूंचा एक कागद हवा होता. आता गेम निघाला. आता नाही होत."

श्रेयांसने डोळे मिटले.

"आणि भटूभाऊ, ते भरीत मला फार तिखट लागलं होतं. दोन दिवस झोपून होतो. मीही म्हटलं, उत्तम."

फोन बंद झाला.

श्रेयांस खाली दुकानात गेला. गिऱ्हाईक होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. ज्योती पर्स उचलून म्हणाली, "स्टँडपर्यंत चल. मलाही फैजपूरची गाडी धरायचीय."

दोघं चालत निघाले. बाजार भरात होता. भाजीवाल्यांच्या हाका, हॉर्न, उसाच्या रसाच्या गाड्यांच्या घंटा. अर्ध्या रस्त्यात ज्योतीने विचारलं, "तुला खरंच आवडला होता का? जरा तरी?"

"नाही. पहिल्या मिनिटातच कळलं होतं."

"मग?"

"तो फार आनंदाने दाखवत होता, ज्योती."

ज्योती थांबली. मागून येणारी रिक्षा वळसा घालून गेली.

"ती यादी आम्हीपण आनंदानेच दिली होती तुला," ती म्हणाली. "मी ती तीनदा टाइप केली. समाधानने त्यातला एक मुद्दा रात्रभर विचार करून सांगितला होता. घरचे आम्ही होतो, भटू. पाहुणा तो होता."

स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता.

"पुढच्या शनिवारी?" भटूने विचारलं.

"मला माहीत नाही. समाधानला विचार. तूच विचार. मी नाही विचारणार."

ती फैजपूरच्या गाडीकडे गेली. भटूने फोन काढला. समाधानचा नंबर लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. धुळ्याच्या गाडीचं दार लागलं. कंडक्टरने काचेतून त्याला खूण केली, येतोस का? भटूने हातानेच नाही म्हटलं.

गाडी सुटली. तो सावद्याकडे जाणाऱ्या फलाटावर जाऊन उभा राहिला आणि त्याने पुन्हा नंबर लावला.